पुलाखालचे शेजारी

आमच्या शाळेत पुलाखाली राहणारी मुलं येतात असं सांगितलं, की समोरचा माणूस हमखास दोन प्रश्न विचारतो. त्यांचे आईवडील भीक मागतात का? आणि ही मुलं खरंच शिकतात का? विचारणारी माणसं वाईट नसतात. बरीचशी माझ्या नात्यातली, सोसायटीतली, स्टाफरूममधली असतात. रोज त्याच पुलाखालून स्टेशन गाठतात. पण घाईच्या वेळी जेवढं दिसतं तेवढ्यावरच मत बनतं. सकाळी नऊ वाजता पुलाखाली चादर ओढून झोपलेला पुरुष दिसतो. तो पहाटे तीनपर्यंत कुठल्यातरी लग्नाच्या हॉलवर पातेली घासत होता, हे कुणी येऊन सांगत नाही. मग 'काम नको, नुसतं लोळायला हवं' असा शिक्का बसतो, आणि एकदा तो बसला की पुढे काही विचारावंसं वाटत नाही.

मी मुंबईत मराठी माध्यमाच्या पालिका शाळेत शिकवते. दादर, माटुंगा, वडाळा हा माझा रोजचा पट्टा. सरकारी शिक्षकाच्या वाट्याला शिकवण्याखेरीज इतरही कामं येतात: शाळाबाह्य मुलं शोधायची, मतदार याद्या तपासायच्या, जनगणनेला जायचं. या कामांमुळे माझं जाणं-येणं अशा ठिकाणी झालं, जिथे एरवी कुणी थांबत नाही. तिथे जे पाहिलं आणि नंतर कायद्याच्या पुस्तकांत, अहवालांत जे वाचलं, त्यावरून हे लिहिते आहे. रस्त्यावर राहणाऱ्यांबद्दलचे आपले बहुतेक समज चुकीचे आहेत, आणि त्यांची किंमत माझ्या वर्गातली मुलं मोजतात, म्हणून लिहिते आहे.

आधी कामाचंच बोलू. मार्गशीर्षातल्या गुरुवारी आपण जी वेणी, जी पाच पानं घेतो, दसऱ्याला जे झेंडूचं तोरण घेतो, शनिवारी दुकानदार दाराला जी लिंबू-मिरची टांगतो, त्यातलं पुष्कळसं पुलाखाली ओवलेलं असतं. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई गजरे करते. पहाटे चारच्या सुमाराला ती दादरच्या फुलबाजारात पोचते, कारण उशीर केला की चांगली कळी संपते आणि उरते ती उमलायला लागलेली. उमललेला मोगरा संध्याकाळपर्यंत तपकिरी पडतो, त्याला कुणी हात लावत नाही. भाव रोज वेगळा. लग्नसराईत कळी इतकी महाग होते की किलोऐवजी पाव किलोवर भागवावं लागतं, आणि पावसाळ्यात कळी भिजलेली, जड, वजनात फसवणारी असते. कळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून ती परत येते. मग सासू, जाऊ आणि ती मांडी घालून ओवायला बसतात. डाव्या हाताच्या दोन बोटांत दोन कळ्या देठाला देठ लावून धरायच्या, उजव्या हाताने दोऱ्याचा वेढा देऊन फास ओढायचा, पुढच्या दोन कळ्या उलट दिशेने. फास सैल पडला तर गजरा डोक्यात गळतो, घट्ट ओढला तर देठ तुटतो. हे काम चालू असताना ती मान वर करत नाही. वर्गात माझ्याशी बोलायला आली तरी बोटं आपोआप चाळवत असतात.

संध्याकाळी सिग्नलला, देवळाबाहेर, स्टेशनच्या जिन्यावर विक्री. उरलेला माल त्याच रात्री मातीमोल होतो. म्हणजे रोज पहाटे भांडवल घालायचं आणि रोज रात्री हिशेब शून्यावर आणायचा. हा व्यवसाय आहे. त्यात जोखीम आहे, कसब आहे, बाजाराची जाण आहे. अशा बाईला 'काही कामधंदा करा ना' असं गाडीची काच खाली करून सांगणारे लोक मी पाहिले आहेत. तिच्या हातात तेव्हा गजऱ्यांची परडी होती.

तिच्या शेजारच्या कुटुंबांतले पुरुष नाक्यावर उभे राहतात. बिगारी, रंगकाम, खोदाई, मिळेल ते. कुणी केटरिंगवाल्याकडे वाढपी, कुणी मंडईत हमाल, कुणी हातगाडी ओढतो, कुणी भंगार वेचतो. बायका हॉटेलांसाठी लसूण सोलतात, जवळच्या इमारतींत धुणीभांडी करतात. भीक मागणारेही आहेत. बहुतेक म्हातारे, अपंग, ज्यांच्या मागे कुणी नाही असे. पण सगळ्यांना त्यात मोजणं साफ चूक. २०११च्या जनगणनेत देशात १७ लाख ७३ हजार माणसं बेघर नोंदली गेली. त्याच जनगणनेत भिकारी आणि तत्सम या सदरात सुमारे ४ लाख १३ हजार माणसं आहेत, आणि त्यांतल्या अनेकांना कुठे ना कुठे झोपडं आहे. तरी त्यातला एकूण एक बेघर आहे असं धरून चालू. मग बेघर माणसांपैकी चारातले तीन भिकारी ठरत नाहीतच.

कायदा मात्र हा फरक करत नाही. १९५९चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा आपल्या राज्यात आजही लागू आहे. गाणं म्हणून, नाचून, भविष्य सांगून, अगदी एखादी वस्तू विकायच्या निमित्ताने पैसे मागणं यातही भीक धरलेली आहे. उपजीविकेचं साधन दिसत नाही आणि सार्वजनिक ठिकाणी वावरतो एवढ्यावरूनसुद्धा माणसाला पकडता येतं. पहिल्यांदा दोषी ठरला तर एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८मध्ये या कायद्यातल्या अशा तरतुदी दिल्लीपुरत्या घटनाबाह्य ठरवल्या. सर्वोच्च न्यायालयानेही २०२१मध्ये रस्त्यावरच्या भीक मागणाऱ्यांना हटवण्याचा आदेश द्यायला नकार दिला आणि हा प्रश्न सामाजिक-आर्थिक आहे असं म्हटलं. महाराष्ट्रातही हा कायदा पुस्तकातून काढायला आता कुणी पुढाकार घ्यायला हवा.

दुसरा पक्का समज म्हणजे ही माणसं बाहेरून आलेली, कालपरवा उतरलेली. आमच्या शाळेच्या दाखल्यांवर नजर टाकली तरी हा समज टिकत नाही. माझ्या वर्गातल्या पुलाखालच्या मुलांपैकी बहुतेकांची घरची बोली मराठवाड्याची आणि सोलापूरकडची. काही फासेपारधी आहेत. ज्या समाजांना इंग्रजांनी १८७१च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवलं आणि ज्यांना त्या शिक्क्यातून ३१ ऑगस्ट १९५२ला कागदोपत्री मोकळं केलं, त्यांतला हा एक. गावात जमीन नाही, गावाबाहेर पाल टाकलं तर संशय, कुठे चोरी झाली की पहिला पोलीस त्यांच्या पालावर. १९७२च्या दुष्काळात ज्यांनी गाव सोडलं त्यांची नातवंडं, पतवंडं आता माझ्यासमोर बसून पाढे म्हणतात. एका मुलाच्या आजीला मी विचारलं, "आजी, मुंबईत कधी आलात?" ती म्हणाली, "आले तवा पोटात ह्याचा बाप व्हता. ह्याचा बाप हितंच, ह्यो बी हितंच झाला. आता आमाला गाव इचारता व्हय बाई?" जन्म मुंबईतला, शाळा मुंबईतली, लग्न मुंबईत. यांना परत पाठवायचं म्हणजे कुठे पाठवायचं?

हाच प्रश्न एकदा थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १३ जुलै १९८१ला, ऐन पावसाळ्यात, तेव्हाचे मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी फुटपाथवरच्या लोकांना हटवून त्यांच्या मूळ गावी किंवा मुंबईबाहेर पाठवण्याची घोषणा केली. झोपड्या तोडल्या जाऊ लागल्या. पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतरांनी न्यायालयात धाव घेतली. १० जुलै १९८५ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निकाल दिला, तो लिहिला सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी. घटनेच्या २१व्या कलमाने दिलेल्या जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे या निकालाने मान्य केलं. ही माणसं फुटपाथवर राहतात कारण काम जवळ आहे, तिथून हटवणं म्हणजे पोटावरून हटवणं, हेही न्यायालयाने समजून घेतलं. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा निकाल आजही शिकवतात. पण त्याची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. फुटपाथ चालण्यासाठी आहेत, नोटीस देऊन तिथल्यांना हटवता येईल, असंही त्याच निकालात आहे. सवलत मिळाली ती पावसाळा सरेपर्यंतची, ३१ ऑक्टोबरपर्यंतची. हक्क देशाला मिळाला आणि ज्यांनी तो मागितला त्यांना साडेतीन महिने.

त्याच वर्षी 'स्पार्क' या संस्थेने भायखळा आणि आजूबाजूच्या भागातल्या सुमारे सहा हजार फुटपाथवासी कुटुंबांची पाहणी केली. अहवालाचं नाव होतं 'वुई, द इन्व्हिजिबल'. ही माणसं कुठल्या जिल्ह्यांतून आली, काय काम करतात, कामावर चालत का जातात, हे कुणीतरी त्यांनाच विचारून लिहून काढलं. त्यातूनच फुटपाथवरच्या बायकांची 'महिला मिलन' ही संघटना उभी राहिली. त्या बायकांनी थेंबेथेंबे बचत केली, घर कसं हवं याचे आराखडे स्वतः काढले, आणि पुढे त्यांच्यातली अनेक कुटुंबं मानखुर्दला स्वतःच्या घरांत गेली. 'त्यांना घर नकोच असतं, रस्त्याची सवय झालेली असते' असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा इतिहास जरूर वाचावा.

तरीही एक शंका उरते आणि ती विचारणं रास्त आहे. कमावतात ना, मग भाड्याने खोली का घेत नाहीत? मी पालकसभेत या बायकांशी यावर बोलले आहे. दूरच्या वस्तीतली दहा बाय दहाची खोलीसुद्धा डिपॉझिटशिवाय मिळत नाही, आणि एकरकमी पैसे साठवायचे तर ठेवायचे कुठे? उशाखाली? पारधी म्हटलं की अनेक ठिकाणी घरमालक दारातूनच परत पाठवतो. त्यातून खोली मिळालीच तर पहाटे चारला फुलबाजारात कशी पोचणार? रात्री दोनला हॉलवरून सुटलेला वाढपी कुठली गाडी पकडणार? कामाच्या वेळा अशा आहेत की कामाजवळ राहणं हीच नोकरीची पहिली अट आहे.

आणि फुटपाथवर राहणं फुकट पडतं, हीही समजूतच. शौचालयाला प्रत्येक वेळी पैसे, अंघोळीला वेगळे. पाण्याचा कॅन विकत. मोबाइल चार्ज करायला टपरीवाल्याला पैसे. स्वयंपाकाला लाकूडफाटा किंवा छोटा सिलिंडर, तोही चढ्या भावाने. मे महिन्याच्या शेवटी नवी ताडपत्री, कारण जुनी गेल्या पावसात फाटलेली. पाच जणांच्या कुटुंबात दोनदा शौचाला जायचं म्हटलं तरी दिवसाकाठी किती होतात याचा हिशेब माझ्या चौथीच्या मुलांनी मला तोंडी करून दाखवला आहे. बायका म्हणूनच दुपारनंतर पाणी कमी पितात. मूत्रमार्गाचे आजार, पोटदुखी, मुलींची पाळीच्या दिवसांतली गैरहजेरी या सगळ्याचं मूळ तिथे आहे. तरीही माझ्या वर्गातल्या या मुली वेण्या घालून, तेल लावून येतात. पहाटे पाचला सार्वजनिक शौचालयाच्या रांगेत उभं राहून केलेली ती अंघोळ असते. 'घाणेरडी असतात' असं कुणी म्हणालं की मला ती रांग आठवते आणि बोलणाऱ्याचा राग येतो.

निवारा केंद्रांबद्दलही असंच. 'सरकारने केंद्रं बांधलीत, हेच लोक जात नाहीत' असं वाक्य मी चांगल्या शिकलेल्या माणसांकडून ऐकलं आहे. दिल्लीतल्या थंडीने बेघर माणसं मरत असल्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयासमोर आलं तेव्हा, २०१०मध्ये, न्यायालयाने सांगितलं की पाच लाखांवर वस्ती असलेल्या शहरांत दर एक लाख लोकांमागे एक निवारा केंद्र हवं, तेही वर्षाचे बारा महिने आणि दिवसाचे चोवीस तास उघडं. २०१३च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने त्यासाठी पैसे आणि निकष दिले: किमान पन्नास माणसांची सोय, माणशी पन्नास चौरस फूट. बृहन्मुंबईची २०११ची लोकसंख्या होती १ कोटी २४ लाख. म्हणजे सव्वाशेच्या आसपास केंद्रं हवीत. मुंबई या आकड्याच्या जवळपासही पोचलेली नाही. जी केंद्रं आहेत त्यांत पुरुषांची वेगळी, स्त्रियांची वेगळी, मुलांची वेगळी. आख्ख्या कुटुंबाने एकत्र राहावं अशी सोय फार थोड्या ठिकाणी. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, तेरा वर्षांचा मुलगा तिसरीकडे, ओवायचा माल ठेवायला जागा नाही, आणि केंद्र कामापासून दोन बस लांब. अशा ठिकाणी आपण गेलो असतो का? देशातल्या १७ लाख ७३ हजार बेघरांची साधारण साडेचार लाख कुटुंबं होतात. रस्त्यावर एकटादुकटा फिरणारा दाढीवाला पुरुष हे जे चित्र आपल्या डोळ्यांसमोर येतं, ते अपुरं आहे. तिथे बाळंतीण असते, पाळण्यातलं मूल असतं, दमेकरी सासरा असतो.

एकटे आणि भ्रमिष्ट अवस्थेत भटकणारेही आहेत, आणि त्यांच्यासाठी वेगळी तजवीज लागते. डॉ. भरत वाटवानी यांनी पत्नीच्या साथीने १९८८मध्ये श्रद्धा पुनर्वसन संस्थेचं काम सुरू केलं. रस्त्यावरच्या मनोरुग्णांना उपचार देऊन बरं करायचं आणि त्यांच्या घरी पोचवायचं. कर्जतला त्यांचं केंद्र आहे, २०१८मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हजारो माणसं औषधांनी सावरली, आपलं गाव सांगू लागली आणि परत गेली. कायदाही बाजूने आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार अशा माणसाला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात नेणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे, त्याच्या घरच्यांचा शोध घेणंही. 'वेडा आहे' म्हणून रस्ता ओलांडण्याऐवजी ११२ क्रमांकावर फोन करता येतो. दारू आणि नशेबद्दल मी थोडंच लिहिते. ती पुलाखाली आहे, तशीच ती इमारतीतही आहे. इमारतीत दार लावून घेता येतं.

परळच्या टाटा रुग्णालयाबाहेरचा फुटपाथ तर सगळ्यांनी पाहिलेला आहे. बंगाल, बिहार, उत्तर प्रदेश, विदर्भ, कुठून कुठून आलेले कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथे रस्त्याकडेला महिनोन्‌महिने काढतात. गावात त्यांचं घर आहे, काहींची शेती आहे. उपचार लांबले, पैसे संपले आणि माणूस फुटपाथवर आला. गाडगेबाबांनी देवळं बांधली नाहीत, धर्मशाळा बांधल्या, आणि दादरची त्यांच्या नावाची धर्मशाळा आजही अशा रुग्णांना आसरा देते. मोठं आजारपण माणसाला किती झटकन रस्त्यावर आणतं हे ज्यांना बघायचं आहे त्यांनी परळला पाच मिनिटं उभं राहावं.

आता कागदांविषयी, कारण माझ्या मते सगळ्यात मोठी अडचण तिथे आहे. पुलाखाली एक हाक वरचेवर ऐकू येते: "गाडी आली, गाडी!" सामान उचलून नेणारी गाडी. हाक ऐकली की बायका आधी मुलं उचलतात, मग बोचकी, मग स्वयंपाकाची भांडी. हाती लागलं नाही ते जातं. एका वर्षी परीक्षेच्या आठवड्यात माझ्या वर्गातल्या एका मुलीचं दप्तर असंच गेलं. दप्तरात वह्या होत्या, आणि सगळ्यात सुरक्षित जागा म्हणून तिच्या आजीने जन्माचा दाखला आणि लसीकरणाचं कार्डही त्यातच ठेवलं होतं. वह्या मी दिल्या. दाखल्यासाठी तिच्या आईने कामाचे कितीतरी दिवस बुडवले. कारण प्रत्येक खिडकीवर पहिला प्रश्न पत्त्याचा, आणि पत्ता सिद्ध करायला जो कागद लागतो तो मिळवायलाही पत्ता लागतो. रेशन नाही, बँकेत खातं नाही, म्हणून बचत उशाखाली. ती पावसात भिजते किंवा चोरीला जाते, आणि मग आपण म्हणतो, या लोकांना साठवायची अक्कल नाही.

मतदार यादीचं काम करताना मात्र मला एक चांगली तरतूद हाताळायला मिळाली. बेघर माणसाला मतदार होण्यासाठी पत्त्याचा पुरावा द्यावा लागत नाही. त्याने नमुना ६मध्ये तो जिथे झोपतो ती जागा लिहायची. मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने, म्हणजे आमच्यासारख्या शिक्षकांनी, रात्री तिथे जाऊन तो खरंच तिथे झोपतो का हे पाहायचं, आणि एकापेक्षा जास्त रात्री पाहायचं. एका अर्जावर पुलाच्या खांबाचा क्रमांक लिहिला होता. मी आणि माझा सहकारी रात्री अकराला गेलो. खांबाला दोरी बांधून त्यावर कपडे वाळत घातलेले, खाली तीन चुली विझलेल्या, कठड्याला टांगलेली दप्तरं. कडेच्या बाजूला पुरुष झोपलेले, मुली आणि सुना आत, खांबाच्या आडोशाला. एक म्हातारी जागी होती. "मी बसते राखणीला, दोन वाजता धाकटी उठंल," ती म्हणाली. रात्र वाटून घेतलेली. वाहन चढेल ही भीती, आणि मुलींच्या अंगावर कुणी येईल ही त्याहून मोठी. रस्त्यावरच्या माणसांना गुन्हेगार समजून आपण खिसा चाचपतो. इथे पहारा आपल्यासारख्या येणाऱ्याजाणाऱ्यांवर होता. म्हातारीने एका पिशवीतून दुसरी, दुसरीतून तिसरी पिशवी काढली आणि त्यातून चौपदरी घडीचा अर्ज दाखवला. "बाई, नाव लागंल ना?" दुसऱ्या वेळी गेलो तेव्हाही ती तिथेच होती. नाव लागलं. निवडणुकीच्या दिवशी ती ठेवणीतलं लुगडं नेसून रांगेत उभी होती. ही तरतूद वापरली जाते ती फार कमी, कारण बेघरांना ती माहीत नसते आणि रात्री जायचा आम्हा लोकांना कंटाळा असतो.

जनगणनेतही बेघरांची मोजणी एका रात्रीत होते. २०११ला ती २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. त्या मोजणीत महाराष्ट्रात २ लाख ११ हजारांच्या घरात बेघर होते. एका रात्रीच्या मोजणीत हॉलवर कामाला गेलेला वाढपी सुटतो, गाडीच्या भीतीने दोन दिवस दुसरीकडे सरकलेलं कुटुंब सुटतं. खरी संख्या याहून जास्त आहे असं या क्षेत्रात काम करणारे सगळेच म्हणतात आणि माझाही अनुभव तोच आहे. त्यानंतर इतकी वर्षं देशाची जनगणनाच झाली नाही. नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक ठरलेला आहे, म्हणजे बेघरांच्या मोजणीची रात्र पुन्हा फेब्रुवारीच्या अखेरीस येईल. निवारा केंद्रं किती, शौचालयं किती, पैसे किती, हे पुढची दहा वर्षं त्या रात्रीच्या आकड्यावर ठरेल.

वाचकांना माझी विनंती आहे. आपल्या रस्त्यावर, पुलाखाली, देवळाबाहेर कोण राहतं हे आपल्याला माहीत असतं. त्या फेब्रुवारीत प्रगणक येईल तेव्हा त्याला ते सांगा. अठरा वर्षांवरच्या कुणाचं नाव मतदार यादीत नसेल तर नमुना ६ भरून द्यायला अर्धा तास काढा. आणि सहा ते चौदा वर्षांचं मूल दिवसा सिग्नलवर दिसलं तर त्याच्या आईशी बोला, तिला जवळच्या शाळेत घेऊन या. जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या चौदाव्या कलमात तसं स्पष्ट लिहिलेलं आहे.